पडद्यावरची कश्ती आणि दस्तरखानवरचे प्रश्न

धर्मग्रंथावर बेतलेला व्हिडिओ गेम असे म्हटले की आपल्या समाजात लगेच दोन मते तयार होतात. एक म्हणते, तौबा तौबा, दीनचा खेळ मांडला! दुसरे म्हणते, मुले नाहीतरी स्क्रीनसमोरून उठत नाहीत, मग गोळ्या झाडण्यापेक्षा हे काय वाईट? आमच्या घरात ही दोन्ही मते एकाच दस्तरखानवर बसतात आणि एकाच थाळीतून जेवतात. त्यामुळे हा विषय टाळण्याची सोय आम्हाला नव्हती. शिवाय आमचा पेशा शिकवण्याचा. मूल कशात रमते हे पाहणे आमच्या कामातच येते. म्हणून आम्ही हे गेम मुलांच्या शेजारी बसून पाहिले, त्यांच्याबद्दल वाचले, आणि जे हाती लागले ते वाचक भगिनी-बंधूंसमोर ठेवत आहोत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे नेहमीप्रमाणे सगळी मुले जमली. मुलांचा मोठा चुलतभाऊ इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला जुने गेम जमवण्याचा नाद आहे. त्याने आपल्या लॅपटॉपवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे काही अमेरिकन गेम आणले होते. त्यांत बायबलच्या कथांवरचे तीन-चार होते. चित्रे अगदी साधी, चौकोनी ठिपक्यांची. आवाज टिकटिक करणारा. आजच्या चकचकीत गेमपुढे ते काहीच नव्हेत. तरी मुलांनी ते सोडले नाहीत, कारण त्यांतली माणसे मुलांच्या ओळखीची निघाली. नोहा म्हणजे आपले हजरत नूह (अ.स.), मोशे म्हणजे हजरत मूसा (अ.स.), दावीद म्हणजे हजरत दाऊद (अ.स.), आणि गल्याथ म्हणजे जालूत. आमची मुलगी ओरडलीच, "अम्मी, हे तर आपल्या मकतबमधले किस्से!"

या गेमचा इतिहास मोठा मजेशीर आहे. कॅलिफोर्नियात कलर ड्रीम्स नावाची एक लहान कंपनी होती. निंटेंडो या जपानी कंपनीच्या यंत्रावर गेम चालवायचा तर तिची परवानगी लागे, आणि विनापरवाना गेम चालू नये म्हणून यंत्रात एक चिप बसवलेली असे. कलर ड्रीम्सने त्या चिपवर तोड काढली आणि परवानगी न घेता गेम विकायला सुरुवात केली. मग निंटेंडोने दुकानदारांवर दबाव आणला. यांचा माल ठेवलात तर आमचा मिळणार नाही, असा तो प्रकार. दुकानदार बिचकले. तेव्हा कलर ड्रीम्सच्या लोकांना एक वेगळेच दुकान दिसले. अमेरिकेत तेव्हा ख्रिस्ती पुस्तकांची हजारो दुकाने होती. तिथे निंटेंडोचा माल विकलाच जात नसे, त्यामुळे त्यांच्यावर दबाव आणणार तरी कसा? आणि तिथे येणाऱ्या आईबापांना मुलांसाठी सोज्ज्वळ गेम हवाच होता. अशा रीतीने विस्डम ट्री, म्हणजे शहाणपणाचे झाड, या नावाची शाखा निघाली आणि १९९१ साली तिचा 'बायबल ॲडव्हेंचर्स' हा गेम बाजारात आला. म्हणजे या झाडाचे मूळ भक्तीत थोडे आणि व्यापारात जास्त होते. पण फळ खाणारी मुले मूळ पाहत नाहीत. ते पाहण्याचे काम मोठ्यांचे.

'बायबल ॲडव्हेंचर्स'मध्ये तीन कथा आहेत. एकीत नोहा जनावरे उचलून उचलून तारवात नेतो. दुसरीत मोशेची बहीण बाळाला उचलून फिरऔनच्या शिपायांपासून वाचवते. तिसरीत दावीद मेंढरे गोळा करतो आणि मग गल्याथच्या समोर उभा राहतो. पुढच्या वर्षी, १९९२ साली, याच कंपनीने 'स्पिरिच्युअल वॉरफेअर' काढला. तो जरा मोठा. झेल्डा नावाच्या प्रसिद्ध गेमच्या धर्तीवर त्यात एक तरुण शहरभर फिरतो. बागेत जातो, गरीब वस्तीत जातो, विमानतळावर जातो. बायबलमधील इफिसकरांस पत्रात ईमानदाराच्या चिलखताचे वर्णन आहे, त्याचा एकेक भाग तो शोधून काढतो. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांचा उल्लेख आहे; प्रेम, आनंद, शांती वगैरे. गेमवाल्यांनी त्याची खरीखुरी फळे करून टाकली! नासपती, डाळिंब, सफरचंद, द्राक्षे, केळी. हा तरुण ती फळे रस्त्यातल्या वाईट माणसांवर फेकतो. फळ लागले की तो माणूस गुडघे टेकून प्रार्थना करतो आणि पडद्यावरून नाहीसा होतो. अधूनमधून फरिश्ता येतो, बायबलवरचे प्रश्न विचारतो आणि बरोबर उत्तराला बक्षीस देतो.

आमची मुलगी आठवीत आहे. दोन दिवस हा गेम खेळल्यावर तिने विचारले, "अम्मी, फळ मारलं की माणूस सुधारतो, इतकं सोपं असतं का?" आम्ही म्हटले, "तूच सांग. तुझ्या वर्गात कुणाला उपदेश फेकून मारला तर काय होतं?" ती हसली. म्हणाली, "तो उलट आपल्यालाच मारतो."

विषय हसण्यावारी गेला, पण प्रश्न महत्त्वाचा होता. दीनच्या बाबतीत बळजबरी नाही, ही कुरआनची शिकवण सूरह बकरामध्ये आहे आणि आपल्यातल्या लहान मुलालाही ती सांगितली जाते. पडद्यावरच्या त्या माणसाला कुणी काही विचारले नव्हते. त्याने काही ऐकले नव्हते, काही समजून घेतले नव्हते. त्याला फक्त नेम धरून काही लागले होते. आणि बदलल्यावर तो राहिला कुठे? नाहीसाच झाला. खऱ्या आयुष्यात ज्याचे मन बदलते तो माणूस दुसऱ्या दिवशीही शेजारीच राहतो. त्याच्याशी बोलावे लागते, त्याचे कर्ज, त्याचे आजारपण, त्याची भांडणे सगळे तसेच असते. हा दोष ख्रिस्ती धर्माचा नव्हे, हे आम्ही मुलांना आवर्जून सांगितले. त्यांच्या ग्रंथात ती फळे माणसाच्या स्वभावात धरायची आहेत. ती दुसऱ्यावर फेकायची केली ती गेम बनवणाऱ्यांनी. उद्या आपल्यापैकी कुणी घाईघाईत इस्लामी गेम बनवला तर तोही हेच करू शकेल.

या गेमचा एक फायदा मात्र आम्ही लगेच उचलला. फरिश्त्याच्या प्रश्नांना उत्तरे येईनात, म्हणून मुले चिडली होती. आम्ही एक वही काढली. पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे बायबलमध्ये काय, उजवीकडे कुरआनात काय, असे लिहायला सांगितले. मराठी बायबल आमच्या कपाटात आहे आणि कुरआनचा मराठी अनुवादही. वुजू करून, हात पुसून मुले बसली. हजरत मूसा (अ.स.) यांना नदीतून कुणी उचलले? बायबल सांगते, फिरऔनच्या मुलीने. कुरआन सांगते, वाचवण्याचा शब्द टाकला तो फिरऔनच्या बायकोने. बहीण लांबून पाहत राहिली, हे दोन्हीकडे आहे. अशी चार पाने भरली. एरवी मकतबमध्ये जे पाठ करताना जांभया येतात ते मुलांनी आपणहून शोधले. शिक्षक म्हणून आम्हाला याचा आनंद झाला हे लपवत नाही.

पण आमच्या सासूबाईंना आनंद झालेला नव्हता. त्या तसबीह घेऊन दिवाणावर बसून सगळे पाहत होत्या. त्यांचा आक्षेप एकच होता आणि तो नेमका होता. "तो दाढीवाला बुजुर्ग कोण? नूह नबी ना? मग त्यांना उड्या कोण मारायला लावतं? हा पोरगा? बटण दाबून?"

या आक्षेपाला जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारता येत नाही. नबींचे चित्र काढायचे नाही, सोंग घ्यायचे नाही, हा आपल्याकडचा अदब आहे. आणि गेममध्ये तर चित्र आणि सोंग दोन्ही येतात. वर त्यांचे हातपाय आपल्या अंगठ्याखाली येतात. हा सल फक्त मुसलमानांचा आहे असेही नाही. २००९ साली सोनी कंपनीने हैदराबादच्या एका कंपनीकडून बनवून घेतलेला हनुमानावरचा गेम आणला, तेव्हा अमेरिकेतील हिंदू धर्मनेते राजन झेड यांनी नेमकी हीच तक्रार केली होती. ज्याच्यापुढे भक्ताने हात जोडायचे त्याला खेळणाऱ्याने बटणांनी नाचवायचे, हे त्यांना मान्य नव्हते. आमच्या सासूबाईंनी राजन झेड यांचे नाव कधी ऐकलेले नाही, पण दोघे एका मुद्द्यावर आले.

मग धार्मिक कथा डोळ्यांसमोर आणायचीच नाही का? वाट असते. १९७६ साली मुस्तफा अक्काद यांनी 'द मेसेज' हा चित्रपट काढला. आपल्यातल्या पुष्कळ घरांत तो पाहिला गेला आहे. त्यात पैगंबर (स.) दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. इतर माणसे कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात आणि आपण समजून घेतो. पडद्यावर हजरत हमजा आहेत, छळणारे आहेत, छळ सोसणारे आहेत. मधली जागा रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेचाच दबदबा वाटतो.

आणखी जुने उदाहरण आपल्या सापशिडीचे. महाराष्ट्रात मोक्षपट नावाचा खेळ होता, आणि त्याचे नाव संत ज्ञानेश्वरांशी जोडले जाते. पुण्याने वर चढायचे, पापाने खाली घसरायचे. त्याच कुळातला सूफींचा पटही आहे, शतरंज-उल-आरिफीन, म्हणजे ज्ञानीजनांचे बुद्धिबळ. त्याला शंभर घरे. एकेक घर म्हणजे माणसाच्या मनाची एकेक अवस्था. या दोन्ही पटांवर आपली सोंगटी म्हणजे आपणच. आपला नफ्स, आपला लोभ, आपला सब्र. तिथे कुणी संत होत नाही, कुणी नबी होत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसांना ही मर्यादा सहज कळत होती.

हे सगळे बोलणे चालले असताना एक मूल गप्प होते. ते आमच्या नणंदेचे धाकटे. दहा वर्षांचा हा मुलगा चिपळूणचा. तो सकाळपासून एकच गेम खेळत होता, नूह नबींच्या कश्तीचा. हा 'सुपर थ्रीडी नोहाज आर्क' १९९४ सालचा. त्यात आपण कश्तीच्या आत असतो. लांब लांब लाकडी बोळ, आणि त्यांत बिथरलेली जनावरे. बकऱ्या अंगावर येतात. गोफणीने त्यांच्याकडे खाणे फेकायचे, पोट भरले की ती झोपतात. हाणामारीच्या एका गाजलेल्या गेमचा सांगाडा घेऊन त्यात बंदुकीच्या जागी चारा घातला आहे. कल्पना वाईट नाही. कुणी मरत नाही. बाहेर पाणी आहे, पण ते दिसत नाही.

त्या मुलाने खेळ थांबवला आणि विचारले, "मामी, बाहेरची माणसं कधी दिसणार?"

"कोणती माणसं?"

"जी बसली नाहीत ती."

आम्ही म्हटले, या गेममध्ये ती नाहीत. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "नूह नबींच्या वेळी जे बुडाले ते सगळे वाईट होते ना? मग खालचे चाचा वाईट होते का?"

वाचकांना हे कळण्यासाठी मागे जावे लागेल. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा हा मुलगा पहिलीत होता. नणंदेचे घर पहिल्या मजल्यावर. खाली एक वयस्क चाचा एकटे राहत. त्यांचे शिलाईचे काम होते, आणि ईदचे राहिलेले कपडे आणि गिऱ्हाइकांचे कापड घरात होते. पहाटे पाणी वाढू लागले तशी सगळ्यांनी त्यांना वर बोलावले. "एवढं कापड माळ्यावर टाकतो आणि येतो," असे ते म्हणाले. लोकांचे कापड आहे, अमानत आहे, असेही म्हणाले. नंतर जिना पाण्याखाली गेला. मुलाचे वडील जिन्याच्या वरच्या पायरीवरून हाका मारत राहिले. घरातल्या सगळ्यांनी त्या हाका ऐकल्या. चाचा आले नाहीत. पाणी उतरल्यावर त्यांना उचलायला मुलाचे वडीलच गेले.

चार वर्षांत हा मुलगा याबद्दल घरात एक शब्द बोलला नव्हता. गेम संपल्यावर नाही, गेममध्ये जे नाही त्याच्यामुळे तो बोलला.

आम्ही वर्गात रोज साठ प्रश्नांना उत्तरे देतो. या प्रश्नाला मात्र उत्तर त्याच्या नानीने दिले, म्हणजे आमच्या सासूबाईंनी. त्यांनी तसबीह बाजूला ठेवली आणि त्याला जवळ बोलावले. "इकडे ये, बाळ. तुला कुणी सांगितलं चाचा वाईट होते? आपल्या पैगंबरांनी, सल्लल्लाहू अलैहि वसल्लम, काय सांगितलंय ठाऊक आहे? जो ईमानवाला पाण्यात बुडून जातो त्याला शहीदाचा दर्जा असतो. शहीदाचा! चाचा तर लोकांची अमानत वाचवत होते." मुलगा म्हणाला, "पण मग नूह नबींच्या वेळचे?" नानी म्हणाल्या, "ते वेगळं. त्यांना साडेनऊशे वर्षं कुणीतरी समजावत होतं. चिपळूणला कुणाला साडेनऊ मिनिटं तरी मिळाली का?"

ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. साथीच्या रोगाने, पोटाच्या विकाराने, बुडून किंवा घर कोसळून त्याखाली मरण आलेल्या ईमानदारांची गणना शहीदांत केली आहे. आम्हाला ती माहीत होती, आपल्या बहुतेक वाचकांनाही असेल. पण त्या दिवशी ती कुणाच्या कामी आली ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. आणि साडेनऊशे वर्षांचा हिशोब सूरह अनकबूतमधला आहे. प्रत्येक पूर म्हणजे अजाब नव्हे. चिपळूणच्या पुरामागे कोसळणारा पाऊस होता, खाडीची भरती होती, नदीच्या पात्रात साचलेला गाळ होता. त्याचा हिशोब माणसांनी आणि सरकारने द्यायचा आहे. मेलेल्या माणसाच्या माथी तो मारायचा नाही.

त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही सूरह हूद पुन्हा वाचली. हजरत नूह (अ.स.) यांचा किस्सा तिथे आला आहे. डोंगराएवढ्या लाटा उठल्या आहेत. एक मुलगा बाजूला उभा आहे. बाप त्याला हाक मारतो, आमच्याबरोबर चढ. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर जाईन, तो मला वाचवेल. दोघांच्या मध्ये लाट येते. पुढे पाणी ओसरते, कश्ती जूदीवर थांबते, आणि नबी असलेला बाप त्या मुलासाठी रबकडे बोलतो. उत्तर कठोर आहे आणि बाप ते मान झुकवून स्वीकारतो. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात हा मुलगा नाही. तिथे नोहाचे तिघेही मुलगे, त्यांच्या बायकांसह, वाचतात. त्यामुळे अमेरिकन गेममध्ये तो दिसत नाही यात गेमवाल्यांची चूक नाही. ते आपल्या ग्रंथाला धरूनच आहेत. पण आपल्या ग्रंथात तो आहे. आपल्या मुलांना नूह नबींचा किस्सा सांगताना आपण जनावरांच्या जोड्या रंगवून सांगतो आणि ही हाक घाईने उरकतो. जिन्यावरून मारलेल्या हाका ज्याने ऐकल्या आहेत त्या मुलाला नेमकी तीच हाक हवी होती. नबीच्याही हाकेला कधी कधी उत्तर येत नाही, आणि म्हणून हाक मारणाऱ्याची कसूर ठरत नाही, हे त्याला कळायला हवे होते. त्याच्या वडिलांनाही कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅपटॉप बंद ठेवला आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे पत्ते कापले. नियम मुलांनीच ठरवले. नबींची सोंगटी नसेल. कश्ती फक्त एका कोपऱ्यात काढलेली असेल. प्रत्येकाने वस्तीतला एकेक माणूस व्हायचे. कुणी सुतार, कुणी मेंढपाळ, कुणी सावकार, कुणी पाणी भरणारी बाई. पत्ता उचलायचा आणि त्यावरच्या प्रसंगात आपण काय करू ते सांगायचे. फासे ठेवले नाहीत. नानींना चालले नसते, आणि नशिबावर सोडण्यासारखे त्यात काही नव्हतेही. प्रसंग कुरआनातून काढले. वस्तीचे बडे लोक म्हणतात, याच्यामागे तर सगळे हलके लोक आहेत. तू त्यांच्यात बसशील का? लोक कानांत बोटे घालतात. तू घालशील का? कोरड्या जमिनीवर नाव बांधणाऱ्याला येणारेजाणारे हसतात. तुझा धनीही हसतो. तू काय करशील?

सावकार झालेली आमची मुलगी पहिल्या फेरीत सगळ्यांबरोबर हसली आणि मग स्वतःच अस्वस्थ झाली. "सगळे हसत होते म्हणून हसले," असे तिने सांगितले. यावर अर्धा तास बोलणे झाले. त्यात मकतबचे मौलानासाहेब आले, वर्गातली चिडवाचिडवी आली, एका मैत्रिणीला एकटे पाडल्याची गोष्टही आली. फळ फेकून असे बोलणे निघाले नसते.

मग पाण्याचे पत्ते आले. ज्यांची तयारी होती त्यांनी आपापल्या सोंगट्या कश्तीत ठेवल्या. चिपळूणच्या मुलाने ठेवली नाही. तो सुतार होता, त्याने सगळी उत्तरे नीट दिली होती, त्याची जागा पक्की होती. तरी त्याने सोंगटी बाहेरच ठेवली. "मी आधी हाक मारून येतो," तो म्हणाला. मुलगी म्हणाली, "असा नियमच नाहीये." तो म्हणाला, "मग करू."

त्याने एक कोरा पत्ता घेतला आणि त्यावर पेन्सिलीने लिहिले, 'हाक मारा'. प्रत्येक पत्त्याच्या मागे पुढे काय झाले ते लिहिण्याची आमची पद्धत होती. आम्ही विचारले, "मागे काय लिहायचं? येतात की नाही येत?" त्याने विचार केला आणि म्हणाला, "मागे काही लिहू नका मामी. आपण फक्त हाक मारायची." नानींनी डोळ्यांना पदर लावला. मुलांचे अब्बा उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून हा पत्ता आमच्या डावात आहे. प्रत्येक खेळणाऱ्याने कश्तीत चढण्यापूर्वी तो उचलायचा आणि कुणातरी एकाचे नाव घ्यायचे.

सुट्टी संपल्यावर नणंदेचा फोन आला. मुलाने वडिलांना हा पत्ता करून दाखवला, एवढेच तिने सांगितले. वडील काय म्हणाले ते तिने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

आता पालकांसाठी दोन शब्द. धर्मकथांचे गेम यापुढे वाढतच जातील, आपल्या भाषांतही येतील. ते दिसताच घरातून हाकलू नका आणि नाव धार्मिक आहे म्हणून डोळे मिटून हातातही देऊ नका. मुलाच्या शेजारी बसा आणि तीन गोष्टी पाहा. खेळणाऱ्याच्या हातात कोण दिलेले आहे? अल्लाहच्या नबींना बटणांवर नाचवायचे असेल तर ते आपल्या अदबीत बसत नाही. मुलाला तसे शांतपणे सांगा, ते समजते. दुसरे, समोरच्या माणसाला बोलण्याची, नकार देण्याची जागा आहे का, की त्याला नुसते टिपायचे आहे? आणि तिसरे, ग्रंथातले काय गाळले आहे? गाळलेले जे असेल ते त्या रात्री दस्तरखानवर तुम्ही सांगा. कपाटातला अनुवाद काढा. शेजारच्या धर्माचा ग्रंथ मिळाला तर तोही आदराने उघडा. त्याने आपले काही कमी होत नाही.

आणि तुमच्या घरात पूर, दंगल, अपघात, आजार असे काही पाहिलेले मूल असेल तर अजाबचे किस्से सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. ते मूल गोष्टीत स्वतःच्या माणसाला शोधत असते. त्याला तो बुडालेल्यांत सापडला आणि आपण पुढे निघून गेलो, तर ते काय समजून बसेल याचा भरवसा नाही.

चाचांनी माळ्यावर टाकलेले कापड कोरडे राहिले होते. पाणी उतरल्यावर मुलाच्या वडिलांनी ते ज्याचे त्याला पोहोचवले. अल्लाह त्यांची मगफिरत करो, त्यांना शहीदांत जागा देवो, आणि आपल्या लेकरांना किस्से ऐकण्याचा आणि आपल्याला ते पूर्ण सांगण्याचा सब्र देवो. आमीन.